दर कमी झाला म्हणजे काय झालं?

रेडिओवर आकडा दाखवता येत नाही. टीव्हीवर आलेख असतो, वर्तमानपत्रात तक्ता असतो आणि वाचणारा मागे जाऊन पुन्हा बघू शकतो. आमच्याकडे एकदा उच्चारलं की गेलं. म्हणून आकडे कमी द्यायचे आणि एका वाक्यात एकच द्यायचा, हे मी पहिल्याच वर्षात शिकले. शब्दांकडे मात्र तेवढं लक्ष दिलं नव्हतं.

पुण्यातल्या एका लहान रेडिओ केंद्रासाठी मी दर आठवड्याला पंधरा मिनिटांचा घरखर्चावरचा कार्यक्रम करते. गॅस, शाळेची फी, भिशी, सोनं, हप्ते, असलं सगळं त्यात येतं. १२ ऑक्टोबर २०२३ला संध्याकाळी किरकोळ महागाईचा सप्टेंबरचा आकडा जाहीर झाला. ऑगस्टमध्ये ६.८३ टक्के होता, तो ५.०२वर आला होता. म्हणजे केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेसाठी आखलेल्या ६ टक्क्यांच्या वरच्या रेषेच्या आत. मी वाक्य लिहिलं, 'महागाईचा दर चांगलाच उतरला आहे.' आमच्या निवेदकाने ते सणासुदीच्या आवाजात वाचलं.

तीन दिवसांनी केंद्रावर एका बाईंचा फोन आला. त्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना डबे देतात. त्यांनी महिन्याच्या डब्यामागे दोनशे रुपये वाढवायचं ठरवलं होतं. पण एका मुलाने त्यांना सांगितलं, "काकू, रेडिओवर सांगितलं, दर उतरलेत. तुम्ही कसे वाढवता?" बाकीच्यांनी त्याचीच री ओढली आणि काकूंनी वाढ मागे घेतली.

"ताई, माझं एवढंच म्हणणं आहे," त्या म्हणाल्या, "तूरडाळ कुठे उतरली ते सांगा. मी तिथून आणते."

मी फोन ठेवून तो तक्ता पुन्हा उघडला. पहिल्या ओळीच्या खाली सगळं लिहिलेलं होतं. भाजीपाल्याची महागाई ऑगस्टमध्ये २६ टक्क्यांवर होती, ती सप्टेंबरमध्ये साडेतीनच्या आत आली होती. टोमॅटोने जुलै-ऑगस्टमध्ये जो धुमाकूळ घातला तो संपला होता, त्याचा हा परिणाम. त्याच तक्त्यात डाळी १६ टक्क्यांच्या वर होत्या आणि धान्य १०च्या वर. काकूंच्या डब्यात टोमॅटो किती आणि वरण-पोळी किती, हे वेगळं सांगायला नको.

पण खरा घोळ माझ्या वाक्यातच होता. मराठीत 'दर' म्हणजे रेट आणि 'दर' म्हणजे भावही. सोन्याचे दर, दुधाचे दर. 'महागाईचा दर उतरला' असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानाला 'दर उतरले' एवढंच लागतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. ५.०२ टक्के म्हणजे गेल्या सप्टेंबरात १०० रुपयांना येणारी टोपली आता १०५ रुपयांना येते. माझ्या वाक्यात ती टोपलीच नव्हती. (त्या मुलाला अर्थशास्त्राचा पेपर द्यायचा होता, त्याला तरी हे कळायला हवं होतं. पण त्यानेही ऐकलं होतं, वाचलं नव्हतं.)

मी रेकॉर्डर घेऊन काकूंकडे गेले. दोन खोल्या, तीन कुकर, पोळ्या लाटायला आलेल्या दोघी. ध्वनिमुद्रणासाठी ती जागा भयंकर. शिट्टी झाली की वाक्य पुन्हा म्हणायला लावायचं. त्यांची एक वही आहे, कॅलेंडरच्या पाठीला बांधलेली. तिच्यात तेलाचा डबा कधी उघडला नि कधी संपला याच्या तारखा आहेत, किमती नाहीत. किमती त्यांना पाठ असतात. सिलिंडर ऑगस्टअखेरीस दोनशे रुपयांनी उतरला, ते त्यांनी आपणहून सांगितलं. उतरलेलं लपवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. उतरला तो घरगुती सिलिंडर, आणि कट्ट्याखाली कुठला आहे हे मी विचारलं नाही. टेप चालू असताना तर नाहीच.

निघताना मी त्यांना महागाईचा दर म्हणजे काय ते समजावत होते. गेल्या वर्षीपेक्षा किती वाढ, ती वाढ आता थोडी कमी, वगैरे. त्या कणीक मळत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोराची उंची यंदा जरा कमी वाढली. म्हणून गेल्या वर्षीची पॅन्ट बसते का?"

हे वाक्य मी शिट्टीसकट लावलं. त्याच कार्यक्रमात आमचं आधीचं वाक्य चुकीचं अर्थ देणारं होतं, हेही सांगितलं. निवेदकाने ते जरा घाईने वाचलं असं मला वाटलं, पण वाचलं. किती जणांनी ऐकलं कोण जाणे. चूक ऐकणारे आणि दुरुस्ती ऐकणारे तेच असतील, याची रेडिओत कधीच खात्री नसते.

काकूंनी नोव्हेंबरपासून दोनशेऐवजी शंभरच वाढवले. तरी दोन डबे गेले. त्यांतला एक त्या मुलाचा. उरलेले शंभर माझ्या नावावर आहेत, असं त्या हसत म्हणतात. मला ते हसण्यावारी नेता येत नाही. ऑक्टोबरचं राहिलेलं तर निराळंच.

१३ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, ऑक्टोबरचा आकडा आला, ४.८७. दर पुन्हा उतरला होता. सप्टेंबरच्या मानाने भाव मात्र थोडे वाढलेच होते, आणि महिनाअखेरीला कांद्याने उसळी घेतली होती ती सगळ्यांनी मंडईत बघितलेली. मी मजकूर तीनदा लिहिला. 'दर' हा शब्द सगळीकडून काढला तर वाक्यं लांबली. ठेवला तर पुन्हा तेच. शेवटी काकूंना फोन लावला. मुलं दिवाळीला गावी गेलेली, त्यामुळे स्वयंपाकघर बंद होतं.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

"कांदा पहिल्या वाक्यात घ्या," त्या म्हणाल्या. "मग पुढचं ऐकतील."