खुंटीवरची पिशवी

मे महिना संपत आला की आमच्या गल्लीत घरोघरी ठरलेली कामं सुरू होतात. पापड-कुरड्या डब्यात जातात, गच्चीवरची पन्हाळी साफ होतात, छत्र्या बाहेर येतात. माझं आणखी एक काम असतं. जिन्याच्या वरच्या टोकाला खुंटीवर एक लाल पिशवी टांगलेली असते. ती खाली काढायची, सतरंजीवर उलटी करायची आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघायची. परवा तेच करत बसले होते, तर शेजारची सून डोकावली. "काकू, कुठं ट्रिपला निघालाय काय?"

"ट्रिपला नाही गं बाई, पुराला!" मी म्हटलं. ती हसली. लग्न होऊन इकडे आली २०२२ साली, तिनं कृष्णा नुसती घाटावरून पाहिलेली.

मी सांगलीच्या गावभागात राहते. ज्यांना सांगली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे पावसाळ्यात माणसं एकमेकांना "काय म्हणतंय?" असं विचारतात तेव्हा ते तब्येतीबद्दल नसतं, आयर्विन पुलाबद्दल असतं. १९२९ साली झालेला हा पूल म्हणजे आमची फूटपट्टी. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. त्यापुढे मग सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मारुती चौक असं पाणी एकेक ठिकाण ओलांडत येतं.

२००५ साली ते त्रेपन्न फुटांच्या पुढे गेलं. आमच्या ओट्याला पाच पायऱ्या आहेत. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं आणि परत फिरलं. आमच्या ह्यांनी तिथं गेरूनं रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली. पुढची चौदा वर्षं ती रेघ हीच आमची सगळी तयारी! कुणी पुराचा विषय काढला की हे रेघेकडे बोट दाखवायचे. मीही मान डोलवायची. आयुष्यभर मुलांना गणित आणि भूगोल शिकवला, पण आतापर्यंतचं सगळ्यात जास्त म्हणजे यापुढचंही सगळ्यात जास्त, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, हे स्वतःला एकदाही विचारलं नाही.

ती लाल पिशवी आली २०१८ साली. मुलगा ह्यूस्टनला असतो. २०१७ च्या हार्वी वादळात त्यांच्या भागात पाणी भरलं होतं, तेव्हापासून त्यानं हा विषय फार मनावर घेतला होता. सुट्टीला आला तो आमच्यासाठी तयार पिशवीच घेऊन आला. तिच्यात काय नव्हतं? चौदा पाती असलेला चाकू, होकायंत्र, पाणी गाळून प्यायची नळी, चांदीच्या कागदासारखं दिसणारं पांघरूण, हातानं फिरवायची बॅटरी (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात), घट्ट तोंडाची प्लॅस्टिकची पाकिटं. सोबत छापील यादी. माणशी रोज एक गॅलन पाणी, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. आम्ही दोघं, तीन दिवसांचं पाणी धरलं तर झालं की तेवीस किलो! ते उचलणार कोण? ह्यांचे गुडघे गेलेले आणि माझी कंबर. आम्ही दोघांनी कौतुक केलं, आणि तो विमानात बसल्यावर पिशवी दिवाणाखालच्या ट्रंकेत ठेवली. खालच्या मजल्यावर. वर चार गाद्या.

तुमच्या लक्षात आलंच असेल.

६ ऑगस्ट २०१९ ला वीज गेली. ७ तारखेला दिवेलागणीला पाणी रेघेच्या वर होतं आणि रात्री उंबऱ्यातून आत आलं. आवाज न करता आलं. मला वाटायचं पूर म्हणजे काहीतरी गर्जत येत असेल, पण ते ओल्या फडक्यानं पुसत गेल्यासारखं फरशीवर पसरत गेलं. ह्यांना आधी माडीवर पाठवलं आणि मी अंधारात गाद्या ओढायला लागले. घरात तीन बॅटऱ्या होत्या. एकीत सेल फुटून हिरवा चिकटा झालेला, दुसरी सापडली नाही, तिसरी चालू होती पण ती एका हातात धरली की गादी ओढायला एकच हात उरायचा. शेवटी ती दातांत धरली. सत्तरीकडे निघालेली बाई, घोट्याएवढ्या पाण्यात, दातांत बॅटरी धरून स्वतःच्याच संकटकाळच्या पिशवीसाठी धडपडते आहे! आज हसू येतं. त्या रात्री आलं नव्हतं.

तेव्हा मला वडिलांचा कंदील आठवला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सतरा वर्षांची, आम्ही कऱ्हाडला होतो. भांडी मांडणीवरून कोसळत होती, आई ओरडत होती. आणि दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) अंधारात न चाचपडता सरळ दाराच्या उजव्या खुंटीपर्यंत गेले, कंदील घेतला, मागच्या कोनाड्यातली काड्यापेटी घेतली आणि आम्हाला अंगणात घेऊन आले. कंदील साधाच होता. पण तो वर्षानुवर्षं त्याच खुंटीवर असायचा आणि रोज संध्याकाळी त्याची काच पुसली जायची. माझी पिशवी मात्र चार गाद्यांखाली.

दुसरा दिवस माडीवर काढला. ह्यांना मधुमेह, इन्सुलिन चालू. फ्रिज खाली पाण्यात. चालू असलेली कुपी फार उकाड्यात ठेवली नाही तर फ्रिजबाहेर सुमारे चार आठवडे चालते, असं डॉक्टरांनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं म्हणून धीर होता, आणि त्या हवेत उकाडा कुठला! पिण्याचं पाणी दोन कळशा आणि एक हंडा, तेवढं आदल्या दिवशी वर नेऊन ठेवण्याची बुद्धी झाली होती. चौदा पात्यांचा चाकू मी बिस्किटांचा डबा उघडायला काढला. एकही पातं बाहेर येईना, अंगठ्याचं नख तेवढं मोडलं. ह्यांनी प्रयत्न केला, त्यांची बोटं तर आणखी आखडलेली. डबा उघडला उलथन्याच्या दांड्यानं.

दुपारनंतर गल्लीत बोटी फिरायला लागल्या, पण आमच्या बोळात कुणी वळेना. मी गॅलरीतून हाका मारून मारून घसा बसवून घेतला. पाण्याचा, इंजिनाचा आवाज, त्यात म्हातारीची हाक कोण ऐकणार? मग आठवण झाली. माडीवरच्या कपाटात माझ्या शाळेच्या जुन्या पेटीत पी.टी.ची शिट्टी होती. आमच्या शाळेला कित्येक वर्षं खेळाचे वेगळे शिक्षक नव्हते, कवायत मीच घ्यायची. ती पितळी शिट्टी काढली आणि तीन-तीनदा फुंकली. दहा मिनिटांत रबरी बोट दाराशी! बोटीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, आम्हाला वाटलं शाळा भरली."

खाली मांडीएवढं पाणी होतं. फरशीवर बोटभर गाळ. स्वयंपाकघराच्या दारात गॅसचा सिलिंडर आडवा तरंगत होता. घरी गणित करून बघा, चौदा किलो गॅस आणि पंधरा-सोळा किलो लोखंड मिळून तीस किलोच्या आसपास होतं, आणि पोटात जागा तेहतीस लिटरची. म्हणजे भरलेलासुद्धा तरंगणारच. रेग्युलेटर काढून ठेवला होता हे नशीब. जिन्यापासून दारापर्यंत ह्यांना धरायला आधार हवा म्हणून त्या मुलांनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधली. ओल्या हातातून ती सुळकन निसटायची. मग मी माझं जुनं सुती पातळ दिलं. पीळ देऊन जिन्याच्या कठड्याला आणि दाराच्या चौकटीला बांधलं. भिजल्यावर त्याची गाठ अशी आवळली की नंतर ते कापूनच काढावं लागलं. त्या पातळाला धरून, हातातल्या काठीनं पुढची फरशी चाचपत हे एकेक पाऊल टाकत बाहेर आले. पंधरा फूट अंतर, पंधरा मिनिटं लागली असतील. मी पाठीमागे पिशवी डोक्यावर घेऊन. माझ्यामुळे, माझ्या त्या रेघेवरच्या विश्वासामुळे हा माणूस असा चालतो आहे, एवढंच डोक्यात होतं. चार तारखेलाच विश्रामबागला नणंदेकडे जाता आलं असतं. तिनं दोनदा फोन केला होता.

बोटीत बसल्यावर त्या मुलांनी आणखी तिघांना घ्यायला नकार दिला, "दुसरी फेरी करतो" म्हणाले. लोक चिडले. रात्री निवाऱ्यात कळलं, त्याच दिवशी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटून कितीतरी जीव गेले होते. नंतर कुणी चिडलं नाही.

निवारा म्हणजे एक शाळाच होती. फळ्याखाली सतरंजीवर झोपले. ह्यांना हुडहुडी भरली तेव्हा मुलाचं ते चांदीच्या कागदाचं पांघरूण उपयोगी पडलं. आणि त्याच्या घट्ट तोंडाच्या पाकिटात ठेवलेली पासबुकं, आधार कार्डं, औषधांच्या चिठ्ठ्या कोरड्या निघाल्या. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. (पुढे नातवानं व्हिडिओवर दाखवलं की त्या पिशवीच्या छातीवरच्या बकलातच एक शिट्टी बसवलेली आहे. आम्ही वर्षभर ती शोभेची समजत होतो!)

त्यानंतर मी पिशवी माझ्या पद्धतीनं लावली. परीक्षा घेऊन. प्रत्येक वस्तू चष्मा काढून, डोळे मिटून, हात ओले करून वापरायची. जमली तर पास. चाकू नापास, त्याच्या जागी भाजी चिरायची साधी सुरी, पुठ्ठ्यात गुंडाळून. होकायंत्र नापास, गावभागातून विश्रामबागची दिशा मला झोपेतही सांगता येते. पाण्याची नळी मुलाला परत दिली. पुराच्या पाण्यात गटारापासून शेतावरच्या औषधांपर्यंत सगळं असतं, ते नळीनं ओढून प्यायचं धाडस माझ्यात नाही. त्यापेक्षा वर कळशा-बादल्या आधीच भरून ठेवायच्या आणि पिशवीत फक्त एक बाटली आणि मेडिक्लोर. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे आपल्या पिढीतल्या पुष्कळांना अजून पटत नाही.

बॅटरीसाठी मी दुकानंच दुकानं फिरले आणि शेवटी मिळाली ती शेतीच्या सामानाच्या दुकानात. रात्रीची वीज असते म्हणून उसाला पाणी पाजायला जाणारी माणसं डोक्याला बॅटरी बांधतात ना, ती. दोन्ही हात मोकळे. बटण मोठं, एकच. दुकानदार म्हणाला, "आजी, किती एकर?" सेल मात्र मी आत ठेवत नाही, वेगळ्या पिशवीत शेजारी. दोरीऐवजी सुती कासरा. पैसे दहा-वीस-पन्नासच्या नोटांत, कारण एटीएम बंद असतं आणि पाचशेचे सुटे कुणी देत नाही. ११२, १०८ आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात, फोन बंद पडला तरी कुणाच्या तरी फोनवरून लावता यावेत म्हणून. रद्दीवाल्याच्या काट्यावर पिशवी तोलून घेतली, चार किलो. त्याहून जास्त मला जिना उतरताना पेलत नाही, म्हणून चार किलोच्या वर काहीही असलं तरी ते बाहेर.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा धोक्याच्या खूप वर गेलं. या वेळी आम्ही चाळीस फुटांनाच रिक्षा बोलावली. ह्यांनी कुलूप लावताना रेघेकडे एकदा बघितलं आणि काही बोलले नाहीत. पाऊण तासात नणंदेकडे चहा घेत होतो. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही.

२०२२ च्या थंडीत हे गेले. त्या मेमध्ये पिशवी उलटी केली तेव्हा तिच्यातून इन्सुलिनची रिकामी थंड पिशवी निघाली, जुना चष्मा, गुडघ्याचा पट्टा. तीनशे-चारशे ग्रॅम असेल. ते सगळं काढून ठेवलं. त्या जागेत आता शेजारच्या सुनेच्या बाळासाठी दुधाची पावडर आणि दोन लंगोट असतात, तिला ठाऊक नाही. परवा दाखवले, तर हसायची थांबली.

एक वस्तू मात्र माझ्या परीक्षेत दर वर्षी नापास होते आणि तरी पिशवीत परत जाते. ती हातानं फिरवायची बॅटरी. मिनिटभर फिरवावी तेव्हा कुठे थोडा उजेड पडतो, आणि माझा खांदा दुखतो. ७ ऑगस्टच्या रात्री माडीवर ह्यांना झोप येईना, तेव्हा हे रात्रभर ती फिरवत बसले होते. घर्र घर्र घर्र. थोडा वेळ उजेड जिन्यावर टाकायचे, पाणी किती पायऱ्या चढलं ते मोजायचे, मला सांगायचे, पुन्हा घर्र घर्र. मी वैतागून म्हटलं होतं, "अहो, पुरे आता, झोपू द्या की."

यंदा वजन केलं तेव्हा पिशवी चार किलो शंभर ग्रॅम भरली. मी वीसच्या नोटांतलं नाण्यांचं पुडकं काढून ठेवलं.