मनसरच्या टेकडीतला समुद्र

आम्हा नागपूरकरांना समुद्राचे अप्रूप फार. झीरो माइलच्या दगडी खांबापासून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र शेकडो मैल दूर. म्हणूनच आमचा माणूस गणपतीपुळ्याला गेला की पाण्यातून बाहेर यायचे नाव घेत नाही, आणि परतताना पिशवीभर शिंपले घेऊन येतो. अशा मंडळींना (त्यांत मीही आलेच) कोणी सांगितले की समुद्राचा एक जुना तळ रामटेकच्या वाटेवर, तासाभराच्या अंतरावर आहे, तर ती थट्टाच वाटायची.

गेल्या त्रिपुरी पौर्णिमेला सासूबाईंना घेऊन रामटेकला निघालो होतो. बरोबर आमच्या महाविद्यालयातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. मनसरला त्यांनी गाडी थांबवली आणि रस्त्याकडेचा एक काळा दगड माझ्या हाती दिला. "बाई, कविता रोजच शिकवता. आज हे वाचा." दगड मुठीएवढाच, पण वजनाने हात खाली गेला, आणि बोटांना काजळी लागली ती वेगळीच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, टाक तो कोळसा. देवाला जायचंय."

तो कोळसा नव्हता, मँगनीज होते. शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळू आणि चिखलाबरोबर मँगनीजचे थर बसले. पुढे ते जमिनीत खोल दाबले गेले, भाजून निघाले आणि त्यांचा खडक झाला. त्यातल्या एका जातीच्या खडकाला फर्मर या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ साली गोंडांवरून 'गोंडाइट' असे नाव दिले. गोंड राजाने वसवलेल्या आमच्या शहरात ही गोष्ट किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे. या मँगनीजच्या व्यवहारासाठी १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघाली. आज मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी मॉइल ही सरकारी कंपनी चालवते आणि तिचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे.

मँगनीज पोलादात जाते, टॉर्चच्या सेलमधली काळी पूड होते, हे आपल्याला माहीत असते. पण ते समुद्रात काय करते? वनस्पतीच्या हिरव्या पेशीत पाण्याचा रेणू फोडून प्राणवायू मोकळा करणारी जी यंत्रणा आहे, तिच्या गाभ्यात मँगनीजचे चार अणू बसलेले असतात. ते नसले तर सारे ठप्प. पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी निम्म्याच्या आसपास समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तयार करतात. त्यांना मँगनीज हवे, जस्त हवे, आणि सर्वांत जास्त ओढ लोहाची. ते मात्र मिळता मिळत नाही. प्राणवायू असलेल्या खाऱ्या पाण्यात लोह गंजते आणि तळाला बसते. भर समुद्रात वरच्या थरातल्या जवळजवळ दोन कोटी लिटर पाण्यात लोह एक ग्रॅमही भरत नाही! वाळवंटातली धूळ, किनाऱ्याचा गाळ, तळाचे उष्ण झरे यांतून येईल तेवढेच. आमची कन्हानसुद्धा वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी अशा मजला करीत बंगालच्या उपसागराला आपला वाटा पोचवते, पण नद्यांचे बहुतेक लोह मुखाशीच अडकते. म्हणून काही जिवाणू लोह पकडणारे खास पदार्थ पाण्यात सोडतात, आणि एकाने खाल्लेले दुसऱ्याच्या मरणानंतर तिसऱ्याला मिळते. काटकसरी गृहिणीने उरल्या पोळीचा कुस्करा करावा, तसला हा संसार.

विषय डोक्यात घोळत असतानाच मे महिन्यात गोव्याला जाणे झाले. दोना पावलाच्या टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. समोर झुआरीचे मुख आणि पलीकडे मुरगाव बंदर. खनिज लोहाने भरलेले बार्ज याच पाण्यातून वर्षानुवर्षे गेले, आणि याच टेकडीवरची माणसे लोहाची उणीव अभ्यासायला पार दक्षिण महासागरात गेली, याची मला मोठी गंमत वाटली.

तो प्रयोग २००९ सालचा, नाव 'लोहाफेक्स'. त्यातले 'लोह' आपलेच. गोव्याची संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी तो मिळून केला. प्रमुख होते वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक. केप टाउनहून 'पोलारस्टर्न' जहाज निघाले, पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली, जर्मन सरकारने काम काही दिवस थांबवले, मग परवानगी दिली. ३०० चौरस किलोमीटरांच्या पाण्यात हिराकसाच्या रूपाने दोनदा, दर खेपेस दोन टन लोह सोडले आणि ३९ दिवस पाहणी केली. आशा अशी की वनस्पती फोफावतील, हवेतला कार्बन शोषतील आणि मरून तळाला जातील. हवामानाच्या काळजीवर केवढा स्वस्त उपाय! वनस्पती वाढल्या खऱ्या. पण त्या पाण्यात सिलिका नव्हती, त्यामुळे काचेच्या कवचाच्या जड वनस्पती वाढल्याच नाहीत. ज्या बारीक वाढल्या त्यांच्यावर छोट्या प्राण्यांनी ताव मारला, उरलेसुरले जिवाणूंनी वरच्या वर फिरवून वापरले. तळाकडे जास्तीचे काही गेले नाही. मला हा प्रयोग फसला असे म्हणवत नाही. समुद्राने आपली रीत दाखवली, आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवली.

याच संस्थेच्या मंडळींनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' जहाजावरून तळाचे मँगनीजचे गोटे प्रथम वर काढले. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरांचे क्षेत्र अशा गोट्यांसाठी भारताकडे आहे. त्यांत निकेल, तांबे, कोबाल्टही आहे. २०२१ साली आपल्या एका यंत्राने ५,२७० मीटर खोलीवर तळावर चालून पाहिले. त्याचे नाव 'वराह'. रामटेकच्या गडावरचा दगडी वराह आठवून मला हसू आले. पुराणातल्या वराहाने पृथ्वी वर काढली, हा गोटे काढणार. पण हे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. मनसरच्या खाणीला शंभरावर वर्षे झाली, त्या हिशेबात ती वर्षे मोजायचीही नाहीत. शिवाय त्या मऊ गाळाच्या मैदानात कित्येक जीवांना चिकटून राहायला कठीण जागा ती गोट्यांचीच. कोबाल्टचा भाव काढण्याआधी त्या भाडेकरूंची मोजदाद पुरी व्हावी, एवढे माझे मागणे आहे.