पदपथावरचे चौघे

सेवानिवृत्तीनंतर सकाळचे फिरणे हा माझा नित्यनेम झाला आहे. आम्ही चौघे समवयस्क मित्र आय.आय.टी.च्या मुख्य प्रवेशद्वारापाशी भेटतो आणि आदि शंकराचार्य मार्गाने, पवई तलावाच्या कडेने, गणेशघाटापर्यंत जाऊन परततो. हा तलाव १८९१ साली बांधला गेला. त्याच्या काठी सायकलमार्ग करण्याचे महानगरपालिकेने योजिले होते. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरविले. त्यामुळे आम्हां फिरणाऱ्यांच्या वाट्याला रस्त्यालगतचा पदपथच आहे. तो सर्वत्र सारखा नाही. कोठे वृक्षाचे खोड, कोठे विजेची पेटी, कोठे उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले तेव्हापासून रस्ताही आक्रसलेला.

याबद्दल आम्ही चौघेही भरपूर बोलत असू. दुचाकी पदपथावर चढविणारे, भ्रमणध्वनीत डोके घालून चालणारे, वाटेतच थांबून गप्पा मारणारे अशा सर्वांचा समाचार रोज घेतला जाई. बँकेत पस्तीस वर्षे लोकांना रांगेत उभे राहावयास सांगण्यात गेली. त्यामुळे शिस्तीविषयी बोलण्याचा अधिकार मला विशेष वाटे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात पदपथ हे पादचाऱ्यांच्या सोयीसाठी असतात असे म्हटले आहे, आणि मे २०२५ मध्ये तर विनाअडथळा पदपथाचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचे सांगितले. हे दोन्ही दाखले मी मित्रांना अनेकदा ऐकविले आहेत.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सकाळचे सात वाजत आले होते. त्या वेळी फुलेनगर, चैतन्यनगर या भागांतून घरकामाला निघालेल्या स्त्रियांची हिरानंदानीकडे लगबग असते. व्याजदरांवर आमचा वाद रंगला होता. मागून कोणी तरी "काका, जरा..." असे म्हटल्याचे मला ऐकू आले. होय, ऐकू आले. परंतु माझे वाक्य अपुरे होते. ते पुरे होण्याआधीच ती बाई पदपथावरून खाली उतरून पुढे जाऊ लागली आणि मागून आलेल्या एका दुचाकीचा आरसा तिच्या कोपराला लागला. हातातली पिशवी पडली, डबा उघडून भाजी-पोळी रस्त्यावर सांडली. दुचाकीस्वार थांबला नाही. आम्ही धावलो, "बाई, लागले का?" म्हणून विचारू लागलो. तिने रिकामा डबा पिशवीत टाकला, कोपर चोळले आणि म्हणाली, "राहू द्या काका, मला उशीर होतोय." इतकेच. रागावली असती तर बरे वाटले असते.

घरी आल्यावर मी सवयीने हिशेब मांडला. मनुष्याला चालण्यास दोन फूट तरी जागा लागते. चौघे हातवारे करीत ओळीने निघालो की आठ फूट झाले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निर्देशांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, मोकळी जागा हवी. म्हणजे अगदी आदर्श पदपथ असता तरीही आम्ही चौघे त्यात मावत नव्हतो! झाडांचा, पेट्यांचा आणि फेरीवाल्यांचा रोज हिशेब घेणाऱ्या आम्हांला, सर्वांत मोठा अडथळा कोणता, हे कधी दिसले नव्हते.

आपल्याकडे ईर्यासमितीत चार हात भूमी पाहून चालावयास सांगितले आहे. मुनिमहाराज विहार करताना तसे चालतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मी आजवर त्याचा अर्थ पायाखालच्या जीवाची काळजी एवढाच घेत आलो. मागून येणाऱ्या जीवाला वाट ठेवणे हे त्यात येते की नाही, याचा निर्णय शास्त्र जाणणाऱ्यांनी द्यावा. मला मात्र त्या दिवसापासून मागे वळून पाहिल्यावाचून चालता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोन-दोनच्या जोड्या केल्या. मागून चाहूल लागली की डावीकडे एकामागे एक व्हायचे, बुटाची नाडी बांधायची तर भिंतीकडेला जायचे, आणि बोलण्यापेक्षा हाक महत्त्वाची मानायची, असे ठरले. आमच्यातील एका मित्राला कमी ऐकू येते. पुढच्या जोडीचे काही कळत नाही म्हणून तो अजून कुरकुरतो. व्याजदरांचे वाद आता गणेशघाटावर बसून होतात.

ती बाई मला त्यानंतर दोनदा दिसली. पहिल्यांदा डब्याबद्दल काही तरी बोलावे, निदान क्षमा तरी मागावी, म्हणून मी पुढे झालो. पण तिने मला ओळखले नाही, आणि थांबवून ओळख पटवून द्यावी तर पुन्हा तिला उशीरच झाला असता. दुसऱ्यांदा मी नुसता बाजूला झालो. ती झपझप पुढे निघून गेली.