शब्दाखालचे ठिपके

मुद्रितं तपासताना समासात ज्या खुणा कराव्या लागतात, त्यांतली एक माझ्या विशेष आवडीची आहे. खोडलेला शब्द बरोबरच होता असं ध्यानात आलं, की त्याच्याखाली ओळीनं ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं, ‘राहू द्या’. इंग्रजी मुद्रितशोधक तिथे ‘स्टेट’ हा लॅटिन शब्द लिहितो. अर्थ तोच. जर्मनीत तर या खुणांचं राष्ट्रीय प्रमाणकच आहे, ‘डिन 16511’; त्यातही चुकून केलेली दुरुस्ती मागे घ्यायची ती शब्दाखाली ठिपके देऊनच.

भंडारा जिल्ह्यात बसून मुद्रितं वाचणाऱ्याचं या ठिपक्यांवाचून चालत नाही. साकोली-लाखांदूरपासून गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरपर्यंत पसरलेली ही झाडीपट्टी, आणि इथली बोली ती झाडीबोली. या बोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, ‘श’ नाही. पाणी ते पानी, डोळा तो डोरा, काळा तो कारा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा शब्दकोश केला, दंडार या इथल्या लोकनाट्यावर लिहिलं, झाडीबोली ही अभ्यासाची भाषा आहे हे विद्वानांना मान्य करायला लावलं. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री दंडार उभी राहते, तेव्हा या बोलीला कुणाच्या शिफारशीची गरज नसते. मंचावर ती निर्धास्त असते. तिचं जे काही बिघडतं, ते कागदावर.

‘डोऱ्यात पानी’ एवढे दोनच शब्द घ्या. प्रमाण मराठीत मुरलेला मुद्रितशोधक पहिल्या शब्दातल्या ‘र’चा ‘ळ’ करील, दुसऱ्यातल्या ‘न’चा ‘ण’ करील आणि समाधानानं पुढच्या ओळीकडे वळेल. संगणकही दोन्ही शब्दांखाली तांबडी रेघ ओढून त्याला दुजोरा देईल. आता तेच शब्द जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात बघा. तिथे पुष्कळदा ‘डोर्यात’ असं उमटतं. ‘र’चं अर्धं रूप हरवतं आणि ‘य’च्या डोक्यावर रफार चढून बसतो. म्हणजे एकाच शब्दात ‘र’ हे अक्षर बरोबर आणि त्याचा आकार चूक! एकाला ठिपके द्यायचे, दुसऱ्याला दुरुस्त करायचं. बांधीत धानासारखंच दिसणारं गवत उगवतं, ते निंदणाऱ्या बाईच्या हाताला कळतं. इथे तसा हात लागतो.

बोलीत काय, काहीही चालतं, असं म्हणणारी माणसं मला ‘पाणी’ करणाऱ्यांपेक्षाही जास्त घातक वाटतात. काहीही चालत नाही. ‘पानी’ बरोबर, पण ‘पनी’ ही टंकलेखनाची चूकच. बाराव्या पानावर ‘डोरा’ आणि तिसाव्यावर ‘डोळा’ आला, तर शाळेत गिरवलेलं वळण लेखकाच्या हातातून उतरलं, की तिथे शिकून आलेला मुलगा बोलतो आहे म्हणून मुद्दाम लिहिलं? हे मुद्रितशोधकानं ठरवायचं नसतं, लेखकाला विचारायचं असतं. मी अशा पुस्तकासाठी वेगळा कागद ठेवतो. कोणतं रूप लेखकानं कायम केलं, ते त्यावर टिपत जातो.

नियम बोलीच्या आड येतात, हाही गैरसमजच. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 साली मान्य झाले, 1972 साली त्यांत 4 नियमांची भर पडली. याच 18 नियमांत पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक दिलेली आहे. अडचण पुढची आहे. पात्रच नव्हे, निवेदकही झाडीबोलीत बोलतो, अख्खा कवितासंग्रह त्याच बोलीत असतो, तेव्हा काय? मग नियमांचं पुस्तक मिटून ज्यांच्या घरात ती बोली आहे, त्यांच्याकडे कान द्यावा लागतो. माझ्या टेबलावर अरुण फडक्यांचं ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ आणि बोरकरांचा कोश शेजारी शेजारी असतात. त्यांचं भांडण होताना मी पाहिलेलं नाही.

जर्मन प्रकाशनसंस्थेत ही कामं दोघांत वाटलेली असतात. ‘लेक्टोर’ मजकुराची बांधणी आणि अर्थ बघतो, ‘कोरेक्टोर’ अक्षरं बघतो. इंग्रजीत दोघांनाही ‘प्रूफरीडर’ म्हणून मोकळं झालं, की लेक्टोरचं निम्मं काम गळून पडतं. आपल्याकडे तालुक्याच्या छापखान्यात खुर्ची एकच असते. तिच्यावर बसणाऱ्यानं ऱ्हस्वदीर्घही बघायचं आणि हा शब्द कुणाच्या तोंडचा आहे, हेही ओळखायचं. खिळे जुळवायचे त्या काळी एक अक्षर बदलायचं तर कंपोझिटरला चिमट्यानं खिळा काढून ओळ पुन्हा बसवावी लागे. त्यामुळे खूण करणारा दोनदा विचार करी. आता एका कळीसरशी पुस्तकभर ‘न’चे ‘ण’ होतात, आणि लेखकाला ते कळतं पुस्तक हातात पडल्यावर. एका संग्रहाच्या बाबतीत असं झालेलं मी पाहिलं आहे. कविता त्याच होत्या, पण कवीच्या आईला त्या वाचून दाखवल्या, तेव्हा तिला त्या परक्या वाटल्या.

म्हणून नागपूर-पुण्याच्या प्रकाशकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. झाडीबोलीतलं पुस्तक काढाल, तेव्हा त्याचं निदान एक मुद्रित ती बोली बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. त्याला त्याचा योग्य मोबदला द्या. आणि पुस्तकाच्या श्रेयपानावर, मुखपृष्ठकाराच्या नावाखाली, त्याचंही नाव छापा.