ओढ्यात राहता कशाला?



पावसाळा सुरू झाला की आमची आई धान्याचे डबे मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर चढवते. रेशनकार्ड, आजीचा मृत्यूचा दाखला, माझं जातीचं प्रमाणपत्र, लाईटबिलं हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याखालच्या हुकाला टांगते. मी समाजशास्त्रात एमए केलं. गेली दहा वर्षं वस्त्यांमध्ये काम करते, लोकांना आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण देते. पण आमच्या स्वतःच्या घराचं आपत्ती व्यवस्थापन म्हणजे तो एक हूक आहे.

आम्ही पुण्यात आंबिल ओढ्याच्या काठी राहतो. कात्रजकडून येणारा हा ओढा सहकारनगर, पर्वती, दांडेकर पूल असा जाऊन मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो आमच्या घरात छातीपर्यंत आला. पुणे आणि परिसरात त्या पावसाने वीसच्या वर माणसं नेली. दुसऱ्या दिवशी चिखल उपसताना एका सुशिक्षित ओळखीच्याने मला विचारलं, "पण तुम्ही लोक ओढ्यात राहता कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर आज मला द्यायचं आहे.

पहिली गोष्ट, ओढासुद्धा आज त्याच्या मूळ जागी नाही. पेशवाईत तो अडवून, वळवून शहराच्या बाजूला काढला गेला. म्हणजे पाण्याला शहराबाहेर ढकलण्याचा निर्णय शहराने केला, आणि ज्यांना शहरात जागा नव्हती ते त्या पाण्याच्या शेजारी आले. गावात आपली वस्ती गावकुसाबाहेर होती. शहरात गावकूस दिसत नाही, पण ओढा, नाला, रेल्वेची रूळकड आणि कचरा डेपो दाखवला की आपली वस्ती सापडते. माझी आजी लग्न होऊन आली तेव्हा तिला कुणी नकाशा दाखवून "कुठे राहणार?" असं विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, वरच्या बाजूला ओढ्याचं काय झालं? काठ सिमेंटने बांधले, पात्र अरुंद झालं, मोकळ्या जमिनीवर इमारती आणि पार्किंग आलं. पूर्वी जे पाणी मातीत मुरायचं ते आता तासाभरात खाली येतं. त्या रात्री सोसायट्यांमध्येही पाणी शिरलं, गाड्या वाहून गेल्या, हे खरं आहे. पण त्यांच्या गाडीला विमा होता. आमच्या शिलाई मशीनला नव्हता.

तिसरी गोष्ट मदतीची. २०१५-२० या काळातल्या केंद्रीय निकषांनुसार कपड्यांसाठी १,८०० आणि भांड्यांसाठी २,००० रुपये मिळायचे. त्यासाठी घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं, नाहीतर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असलेलं हवं. ओढ्याचा पूर तीन-चार तासांत येतो आणि जातो. म्हणजे ज्याने आमचं सगळं नेलं तो पूर या निकषात बसतच नाही. हा निकष लिहिताना समोर नदीकाठचं गाव असेल, ओढ्याकाठची झोपडपट्टी नव्हती. कागदावरची जात अशीही असते, बंधूंनो.

आता बाबासाहेबांकडे येऊ. आपण त्यांना चवदार तळ्याशी जोडतो, ते बरोबरच आहे. पण १९४२ ते ४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाणी, वीज ही खाती त्यांच्याकडे होती, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतरच्या दामोदर खोरे योजनेच्या बैठका त्यांनी चालवल्या. १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी मांडणी केली ती अशी की जास्त पाणी हे संकट समजून समुद्रात घालवण्याची गोष्ट नाही, ते साठवून लोकांच्या कामी आणायचं असतं. पुराला त्यांनी दैव म्हटलं नाही. मग आपण का म्हणायचं?

पण बोट फक्त व्यवस्थेकडे दाखवून मी मोकळी होणार नाही. त्या रात्री आमच्या गल्लीत एकच उंच जोत्याची जागा होती, बुद्धविहार. विहाराला कुलूप होतं आणि किल्ली एकाच माणसाकडे, तो गावाला गेलेला. पोरांनी कुलूप तोडेपर्यंत अर्धा तास गेला. म्हातारी माणसं तोवर पत्र्यावर बसून होती. त्याच वर्षी जयंतीला आम्ही डीजेसाठी वर्गणी काढली होती. एक दोरखंड आणि चार बॅटऱ्या घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

मग इथून उठायचं का? माझा भाऊ म्हणतो उठू. आई म्हणते, जिथे धुण्याभांड्याची कामं आहेत तिथून बारा किलोमीटर लांब जाऊन खायचं काय? दोघंही बरोबर आहेत. २०२१ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, ओढ्यालगतच्या घरांवर कारवाई झाली, लोक रस्त्यावर आले, न्यायालयाने स्थगिती दिली. तेव्हा एका मावशीने मला विचारलं, "ताई, तू सर्व्हे करणाऱ्यांच्या बाजूची का आमच्या?" मी तेव्हा गप्प राहिले. आज सांगते : मला सुरक्षित घर हवं आहे, पण कामाजवळ, आणि ज्यांच्याकडे २००० सालाच्या आधीचा पुरावा पुरात गेला त्यांच्यासकट.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपापल्या वस्तीत पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा भिंतीवर रंगाने मारा, तारीख लिहा, फोटो काढा. प्रत्येक घराच्या कागदपत्रांच्या प्रती विहारात ठेवा. वरच्या बाजूच्या बांधकाम परवानग्या माहिती अधिकारात मागा. मदतीच्या निकषातली "दोन दिवस" ही अट काढण्यासाठी निवेदनं द्या.

आणि विहाराच्या किल्ल्या किमान पाच घरांत असू द्या. आमच्याकडे आता सात घरांत आहेत. त्यातली एक आईच्या त्या हुकाला लटकते.

जयभीम!