जावा, बाबा आणि रबराची नळी

आजोबांनी १९७२ साली घेतलेली जावा अजूनही चेरीतालच्या आमच्या अंगणात उभी आहे. आजोबा इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत फिटर होते. ते गेले, गाडी बाबांकडे आली.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. आपल्याकडे ती मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार व्हायची. पुढे तीच ‘येझदी’ झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे ही गाडी बनवणारा कारखाना माझ्या जन्माआधीच बंद झाला होता!

गेल्या पावसाळ्यात आई-बाबा उड्डाणपुलावरून खाली उतरत होते. बाबांनी ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. गिअर उतरवत उतरवत त्यांनी ती कशीबशी कडेला घेतली. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही, पण आईने घरात पाऊल टाकताच सांगितलं, “दिवाळीच्या आत ही गाडी विका, नाहीतर भंगारात द्या.”

त्यातच बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. बाबा काही बोलत नव्हते, पण रोज संध्याकाळी गाडीवरची धूळ पुसायचे. ते मला बघवेना. मी बीए इंग्लिश, दिवसभर मोबाइलच्या कव्हरांची वर्णनं लिहिणारी. तरी म्हटलं, “बाबा, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, मी करते.”

सुरुवात प्लगपासून केली, कारण गाडी सुरूही होत नव्हती. प्लग इंजिनाच्या डोक्यावर, टाकीच्या पोटाखाली. मी बाजारातून चकचकीत, लांब दांड्याचा पाना आणला. तो टाकीला अडकायला लागला, म्हणून तिरका लावला आणि जोर दिला. कट्! प्लगची पांढरी चिनीमाती तडकली.

मला वाटलं, आता बाबा रागावणार. ते एवढंच म्हणाले, “अगं, जबरदस्ती नको करूस. आजोबांची पेटी आण.”

पेटीत नळीसारखा एक आखूड पाना होता आणि त्यात आडवी घालायची सळई. टाकीखाली तो सरळ बसला. सळई थोडी फिरवायची, काढायची, पुन्हा घालायची. वेळ लागला, पण प्लग निघाला. त्याआधी बाबांनी सायकलच्या पंपाने प्लगभोवतीची माती उडवायला लावली, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडली असती.

नवा प्लग बसवताना तर बोटंच पोहोचेनात. तेव्हा बाबांनी पेट्रोलच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा दिला. तो प्लगच्या टोकावर चढवायचा आणि नळीच चिमटीत धरून फिरवायची. “आटे चुकले, तर नळी प्लगवरच घसरेल, प्लग पुढे जाणार नाही. पान्याने केलंस, तर हेडचे आटेच जातील.” हेड अॅल्युमिनियमचं, मऊ. नळीने प्लग पूर्ण टेकला, मग पान्याने जेमतेम अर्धा फेरा. बस्स.

मग ब्रेक. मी इंटरनेटवर ‘ब्रेक पॅड’ शोधत होते. बाबा हसले. पॅड डिस्क ब्रेकला असतात. जावाच्या चाकात ड्रम आहे, त्यात चंद्रकोरीसारखे दोन शू असतात. चाक काढलं, तर लायनिंगवर बेअरिंगचं ग्रीस पसरलेलं. गाडी का थांबली नाही, ते कळलं! जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ फुंकायची नाही. मी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसली आणि ते फडकं पिशवीत बांधून फेकून दिलं. बेअरिंगचं सीलही बदललं, नाहीतर नव्या शूंचीही तीच गत झाली असती.

नवे शू बसवायला अर्धा रविवार गेला. एक शू बसवला, की दुसऱ्याची स्प्रिंग उडून तुळशीपाशी. शेवटी बाबांनी दोन्ही हात जोडून दाखवले, पुस्तक अर्धवट उघडावं तसे. दोन्ही स्प्रिंगा शूंना आधीच लावायच्या, जोडी तशी दुमडून धरायची, टोकं खुंटीवर आणि कॅमवर टेकवायची आणि मग दोन्ही बाजूंनी सपाट दाबायची. खट्! बसले.

तरी चाक घासत होतं. बाबांनी अॅक्सलचा नट सैल करायला लावला. मग त्यांनी ब्रेक दाबून धरला आणि मी नट आवळला. ब्रेक दाबलेला असला, की शू ड्रमच्या बरोबर मधोमध येतात. चाक फिरवलं, तर आवाज बंद!

दुसऱ्या दिवशी पहाटे, गल्ली रिकामी असताना, मी गाडी बाहेर काढली. जावाची किक आणि गिअरचा दांडा एकच. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. आधी चालण्याच्या वेगात ब्रेक दाबून पाहिला, मग थोडा वेग वाढवून. गाडी प्रत्येक वेळी थांबली. दारात बाबा उभे होते, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. ते गाडीकडे बघत नव्हते, मान झुकवून नुसता आवाज ऐकत होते.

आई चहा घेऊन बाहेर आली. तिने मला थांबवलं, पदर खोचला आणि मागे बसली. “नाक्यापर्यंत चल. हळू.”

नाक्यावरून परतलो. उतरताना ती म्हणाली, “विकायचं दिवाळीनंतर बघू.”

ती नळी मी आजोबांच्या पेटीत, त्या आखूड पान्याशेजारी ठेवली आहे.