धुराडे उतरविताना

नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी, पुढे दुकान व मागे घर अशा वाड्यात, जुनी चूल आणि तिच्यावरचे विटा-चुन्याचे धुराडे काढण्याचा विषय निघाला, तेव्हा विरोध तरुणांनीच केला. तो कोनाडा शोभेसाठी राखावा, असे त्यांना वाटे. सासूबाईंना त्याचे कौतुक नव्हते. पावसाळ्यात धूर उलटा घरात येई. त्या धुरात डोळे चोळत ज्यांनी सूर्यास्तापूर्वीचा स्वयंपाक उरकला, त्यांना चुलीची ओढ कमीच असायची.

चुलीभोवतीची शिस्त मात्र त्यांना प्रिय होती. प्रत्येक लाकूड पुंजणीने पुंजून मगच आत जाई. छपरावरचा जीव शिजत्या अन्नात पडू नये म्हणून वर चंदरवा बांधलेला असे. तेजस्काय जीवांची हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टळत नाही. जयणा तेवढी त्याच्या हाती असते.

म्हणूनच ‘खुशाल उतरवा’ म्हणतानाच त्यांनी आधी आत पाहावयास सांगितले. चुलीच्या तोंडाशी आरसा धरून बॅटरीचा झोत टाकला, तर काजळीखेरीज काही दिसेना. गवंडी छपरावर चढला, तेव्हा टोपीखालच्या कडेवर पारव्याची दोन अंडी आढळली.

घरटे खोक्यात हलवू, असे मुकादम म्हणाला. पण हलविलेल्या घरट्याकडे जोडी परततेच असे नाही. अंडी फुटावयास सुमारे १८ दिवस, पिले उडावयास आणखी महिनाभर. आणि वैशाखी पौर्णिमा तर उलटलेली. धुराडे वरून खालीच उतरवावे लागते. खालचे बांधकाम आधी काढले तर वरचा भार अधांतरी राहतो. म्हणजे काम थांबणार, मजुरांचे खाडे पडणार आणि छपराचे भोक भर पावसात बुजवावे लागणार. या थांबण्याची किंमत किती, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या घरात लाजून विचारण्याचा नव्हेच. दोन्ही मुलांनी रात्री हिशेब मांडला, गवंड्यांना माजघराच्या फरशीचे काम आधी दिले, उरलेल्या खाड्यांची अर्धी मजुरी कबूल केली आणि ती रक्कम घरखर्चात न लिहिता जीवदया खात्यात लिहिली. धाकट्याला हे पटले नव्हते. तरी लिहिले त्यानेच.

आषाढाच्या आरंभी घरटे रिकामे झाले. वर ताडपत्री ताणून दोन दिवसांत धुराडे उतरले. काजळी मुरलेला गिलावा विटेपर्यंत खरवडावा लागला. नाहीतर तो डाग नव्या रंगातूनही वर येतो. चौमासी चौदशीपूर्वी कौले बसली.

गॅसच्या ओट्यावर आता विजेची चिमणी आहे. तिथे चंदरव्याला जागा उरली नाही. सासूबाईंनी तो धुऊन पाणियाऱ्यावर बांधला.